कोयता हाताशी, तर सुरीला धार

देवगड तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देत आहोत.

“आमचं एकत्र घर. रोज ९ माणसं जेवायला, गणपतीत चाकरमानी आले की २२-२५. गेल्या वर्षी भावानं दोन चांगल्या सुऱ्या दिल्या. एक जर्मन पद्धतीची, ८ इंची, जाडसर. दुसरी जपानी सांतोकू, ७ इंची, खोक्यावर ‘६० एचआरसी’ असं छापलेलं. सहा महिन्यांत जर्मन सुरी बोथट झाली आणि जपानीच्या काठाला तीन-चार दाते पडले. जाऊबाई सुरीच्या टाचेनं नारळ फोडतात. सासूबाई एरवी विळीवर असतात, पण मासे साफ करायला सुरी घेतात आणि तशीच मोरीत टाकतात. जर्मन सुरी धारवाल्याकडे दिली, तर टोकाजवळ निळसर पट्टा उठला आणि आठवड्यात पुन्हा तीच गत. पावसाळ्यात दोन्ही पात्यांवर तांबूस ठिपके आले. काही बोललं तर ‘सुरी ती सुरी, तिका काय होतला?’ लपवून ठेवणं एकत्र घरात बरं दिसत नाही. दगड कुठला घेऊ, धार कशी लावू आणि घरात हे सांगू कसं?”

सप्रेम नमस्कार.

दगडाकडे वळण्याआधी एक गोष्ट बघून घ्या: तुमच्या घरात कोयता कुठे असतो? मांगरात, पडवीच्या आढ्याला, की लाकडांच्या राशीमागे? चुलीवर कढण उकळतंय, वाटण अजून व्हायचंय आणि नारळ फोडायचाय, अशा वेळी बाई मांगरात जात नाही. हाताशी जे पातं आहे ते उचलते. जाऊबाईंचं सुरीशी वाकडं नाही, त्यांना कोयता लांब पडतो. तेव्हा पहिलं काम हे करा. एक छोटी कोयती लोहाराकडून करून घ्या किंवा बाजारातून आणा, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला, हात सहज पोचेल पण मुलांचा पोचणार नाही अशा उंचीवर खिळ्याला टांगा. सोललेला नारळ डाव्या हातात धरून मधल्या रेषेवर कोयतीच्या पाठीनं ठोके द्यायचे आणि दर ठोक्याला नारळ फिरवायचा. चार-पाच ठोक्यांत सरळ दोन वाट्या होतात. यात कोयतीचीसुद्धा धार खर्ची पडत नाही.

नारळानं सुरीचं नेमकं काय होतं ते कळलं, की पुढचं सगळं आपोआप लागी लागतं. चांगल्या धारेचा काठ एक मायक्रॉनहून बारीक असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज घ्या. एचआरसी हे पोलादाचा कडकपणा सांगायचं माप, आकडा मोठा तितकं पोलाद कडक. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांचं पोलाद सहसा ५५ ते ५७ एचआरसी कडकपणाचं असतं. ते चिवट असतं, म्हणून करवंटीवर आपटलं की काठ एका अंगाला मुडपतो. तुमची जपानी सुरी ६० ची. ती जास्त दिवस धार धरते, पण वाकायचं तिला ठाऊक नाही. ती टवका टाकते. एकाच नारळानं एक सुरी बोथट आणि दुसरी दातेरी, हे तुमच्या पत्रातलं चित्र अगदी पोलादाच्या स्वभावाला धरून आहे.

नारळाच्या जोडीला आणखी काही गोष्टी आपल्याकडे सुऱ्या मारतात. फ्रीजरमधून काढलेली सुरमईची तुकडी, कोयीसकट फोडायची लोणच्याची कैरी, कालवं उघडणं, सुपारी. यातलं एकही काम सुरीचं नाही. गोठलेले मासे आधी खालच्या कप्प्यात सुटू द्यावेत. कैरीला विळी किंवा लोणच्याचा मोठा अडकित्ता, सुपारीला अडकित्ता, कालवांना जाड बोथट पातं. आणि मोरी. म्हणजे भांडी घासायची नव्हे, खायची, तो छोटा शार्क मासा. तिच्या कातडीवर बारीक कडक दाते असतात, हात उलटा फिरवला तर पॉलिश पेपरसारखी लागते. वरून कापायला गेलात तर दोन मोऱ्यांत धार संपते. पोटाच्या बाजूनं एक छेद द्यायचा, पातं कातडीच्या आत सरकवायचं आणि धार बाहेरच्या दिशेला ठेवून आतून कापत यायचं. कातडी तेवढीच फाटते आणि काठ तिच्यावर घासला जात नाही.

कशावर कापता, तेही पाहा. ग्रॅनाइटचा ओटा पोलादाहून कडक आहे. कडप्पा त्यामानानं मऊ, पण एवढ्या बारीक काठाला मुडपायला तोही पुरतो. स्टीलच्या ताटात टोमॅटो कापायची सवय तर घरोघरी असते, आणि धार जायला तेवढं कारण भरपूर झालं. काचेची फळी कुणी भेट दिली असेल तर तिच्यावर गरम भांडी ठेवा. कापायला लाकडी पाट किंवा पांढरी जाड प्लास्टिकची फळी घ्या. आंबा, फणस, साग यांतलं काहीही चालेल. खाटकाकडचा ठोकळा बहुधा चिंचेचा असतो, कारण ते लाकूड घट्ट असून घाव झेलतं. बांबूच्या फळ्या दिसायला सुबक, पण काठाला लाकडापेक्षा कडक जातात. दोन फळ्या ठेवा, एक माशांची, एक बाकी सगळ्याची. आणि चिरलेला कांदा फळीवरून कढईत लोटताना सुरी उलटी करून पाठीनं लोटायचा. धारेनं खरवडत नेणं हे जपानी सुरीचं दुसरं मरण.

आता पात्यांची वाटणी. नऊ माणसांच्या घरात दोन चांगल्या सुऱ्यांनी सगळी कामं करायची म्हटल्यावर भांडण ठरलेलंच. साध्या स्टीलच्या, पातळ पात्याच्या दोन स्वस्त सुऱ्या आणा. एक सगळ्यांची सामाईक. दुसरीच्या मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळा, ती माशांची. जर्मन सुरी भाजी-मटणाला, ज्याला हवी त्यानं वापरावी, अट एवढीच की फळीवर. जपानी एकट्या तुमची. अट पाळणं सोपं जावं म्हणून सामाईक सुरीला धार तुम्ही स्वतः, सगळ्यात जास्त वेळा लावा. लोक चांगली सुरी उचलतात ते तिच्यावर नाव परदेशी आहे म्हणून नाही. बाकीच्या कापत नाहीत, म्हणून. स्वस्त सुरी टोमॅटोची साल अलगद कापायला लागली, की महागडीवरची वर्दळ निम्म्यानं कमी होते.

दगडाचं म्हणाल तर गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो कार्बोरंडमचा दुहेरी दगड कोयती-विळीला उत्तम, सुरीला मात्र भरड पडतो. सुरीसाठी ४०० आणि १००० आकड्यांचा दुहेरी पाण्याचा दगड घ्या, साधारण १८ सेंटिमीटर लांब आणि ६ रुंद. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. ४०० ची बाजू दाते आणि मोडतोड काढायला, १००० ची रोजच्या धारेला. ३००० च्या पुढचे दगड हौसेचे. टोमॅटोची साल आणि माशाची कातडी कापायला १००० चा किंचित खरखरीत काठ जास्त चांगला चावतो, फार गुळगुळीत केलेला काठ सालीवरून घसरतो. जांभ्याच्या चिऱ्यावर सुरी घासू नका. तो एकसारखा नसतो, मऊ मातीत कडक लोहाळ खडे बसलेले असतात, त्यानं काठावर ओरखडे पडतात. आणि पाण्याच्या दगडावर खोबरेल नको. त्याची भोकं तेलानं बुजली की दगड कापायचं थांबवतो आणि मग पाणीही पीत नाही.

आता धार. पहिल्या वेळी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा, घाईत करू नका.

दगड पाण्यात बुडवा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-एक मिनिटं, राहू द्या. (काही सिरॅमिकचे दगड भिजवायचे नसतात, नुसते ओले करायचे. खोक्यावर लिहिलेलं असतं.) ओला जाड पंचा घडी करून ओट्यावर पसरा, त्यावर दगड. ढकलला तर हलता कामा नये. शेजारी वाटीत पाणी. सुरीच्या काठालगतचा उतार दोन्ही बाजूंनी काळ्या मार्करनं रंगवा. शिकणाऱ्याला याच्याइतका प्रामाणिक गुरू नाही.

कोन असा धरा: जर्मन सुरीला दर बाजूला २० अंश, जपानीला १५. अंश डोळ्यांनी मोजता येत नाहीत, उंची येते. पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर २० अंशांसाठी सुरीची पाठ दगडापासून दीड सेंटिमीटर वर, १५ साठी जेमतेम १.२. अरुंद सुरीला उंची त्या प्रमाणात कमी. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा बरोबर अर्धा दुमडला की साडेबावीस अंश मिळतात. तो शेजारी उभा करून त्याहून किंचित खाली राहा. नेमका आकडा एकवेळ एका अंशानं चुकला तरी चालेल. पण हात खालीवर डुलला, तर काठ गोल होतो आणि कितीही घासलं तरी धार येत नाही.

उजव्या हातात मूठ, तर्जनी पाठीवर. डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्यावर, काठाच्या जवळ, पण काठाच्या आत. पातं दगडावर थोडं तिरकं ठेवा आणि मागंपुढं घासा. काठ मागं राहून पाठ पुढं जाते त्या दिशेला जोर द्या, परतताना हात सैल. जोर किती? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोटं दाबून बघा. सुरुवातीला एक ते सव्वा किलो, शेवटी तीनशे-चारशे ग्रॅम. बहुतेक जण याच्या तिप्पट दाबतात आणि दगडाला खळगा पाडतात. टाचेकडचा भाग, मधला, टोकाकडचा असे तीन टप्पे करा, दर टप्प्याला वीस-पंचवीस हात. टोकाकडं पातं वळतं तिथं मूठ किंचित उचला, नाहीतर टोक दगडाला टेकतच नाही आणि कायम बोथट राहतं.

दहा हात झाले की थांबा आणि मार्कर बघा. शाई उताराच्या वरच्या कडेची गेली पण काठाजवळची तशीच असेल, तर पाठ फार खाली धरली आहे. फक्त काठाजवळची गेली असेल तर फार वर. सगळा उतार साफ दिसला म्हणजे कोन जमला. दगडावर काळसर चिखल साठेल, तो धुऊन टाकू नका. दगडाचे सुटलेले कण त्यातच असतात आणि तेही काम करतात. कोरडा पडला तर चार थेंब पाणी.

एका बाजूनं पुरेसं घासलं गेलं, की उलट बाजूच्या काठावर धातूची अगदी बारीक वळलेली कड उठते. कारागीर तिला ‘बर’ म्हणतात. अंगठा पाठीकडून काठाकडे, काठाच्या बाहेर निसटता न्यायचा, काठाच्या लांबीवरून कधीही नाही. किंचित अडकल्यासारखं लागतं. ही बर टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये कुठं लागत नसेल तर तिथं दगड काठापर्यंत पोचलेलाच नाही. घरी धार लावणाऱ्यांची निम्मी निराशा इथलीच असते. बर यायच्या आत बाजू बदलतात आणि मग “दगडच खराब” म्हणतात. बर आल्यावर बाजू बदला आणि पहिल्या बाजूला बर येईपर्यंत तसंच घासा.

यानंतर बर काढायची. दर बाजूला पाच हात, मग तीन, मग एक-एक आळीपाळीनं, दर वेळी जोर कमी. शेवटचे तर सुरीच्या स्वतःच्या वजनावर. मग वर्तमानपत्राचे तीन-चार पदर दगडावर ताणून बसवा आणि त्यावर सुरी फक्त मागं ओढा, पाठ पुढं, दर बाजूला दहा वेळा. पुढं ढकललीत तर कागद कापला जाईल. जुना चामड्याचा पट्टा फळीला चिकटवला असेल तर आणखी बरं. हा शेवटचा भाग टाळू नका. बर काठावर राहिली तर सुरी पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी वाटते आणि तिसऱ्या दिवशी काही कापत नाही, कारण तुम्ही धारेनं नव्हे, त्या लटकत्या पातळ कडेनं कापत होता. ती मोडली की खाली बोथट काठ. धारवाल्यानंतर आठवड्यात पुन्हा तीच गत झाली, त्यात निळ्या पट्ट्याइतकाच याचाही हात असावा.

परीक्षा अंगठ्यावर घेऊ नका. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी ठेवा, दाबू नका, नुसती ओढा. साल धरली की झालं.

एवढं सगळं दर आठवड्याला करायचं नाही. मुडपलेला काठ सरळ करायला मटणवाल्यांकडे दिसते ती स्टीलची धार-सळी जर्मन आणि सामाईक सुरीसाठी ठेवा. दोन-तीन दिवसांतून एकदा, दर बाजूला तीन-चार हलके हात. तलवारबाजीसारखं खणखणत फिरवायचं कारण नाही, सळीचं टोक फळीवर उभं टेकवून सुरी वरून खाली न्यायची. सळी नसली तर लोणच्याची चिनी मातीची बरणी उलटी करा. तळाची खरखरीत, रोगण नसलेली कड तेच काम करते. जपानी सुरीला स्टीलची सळी लावू नका, टवका जाईल. तिला वर्तमानपत्रावर दहा-दहा हात पुरतात. सळीनंही टोमॅटोची साल धरेनाशी झाली की दगड. तुमच्या घरात सामाईक सुरीला ही वेळ महिन्या-दीड महिन्यात येईल, जपानीला बरीच उशिरा. दुकानात मिळतो तो ओढायचा प्लास्टिकचा धार-यंत्र मात्र सामाईक सुरीपुरताच. त्यातली कडक धातूची व्ही आकाराची पाती काठ घासत नाहीत, सोलतात. ब्रेडची दातेरी सुरी दगडावर घेऊ नका, ती आहे तशी राहू दे.

दगड वापरून मध्ये खोलगट झाला की धार वाकडी येते. पेन्सिलीनं त्यावर चौकट्या आखा आणि काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा वॉटर पेपर ठेवून पाण्याबरोबर घासा. सगळ्या रेषा गेल्या की दगड सपाट.

जपानी सुरीच्या दात्यांचं काय करायचं? अर्धा मिलिमीटरच्या आतले असतील तर सोडून द्या. चार-सहा धारांमध्ये ते आपोआप झिजून जातात आणि तोवर भाजी अडत नाही. त्याहून मोठे असतील तर ४०० च्या बाजूवर, त्याच १५ अंशांत, दोन्ही अंगांनी सारखं घासत दाता संपेपर्यंत. एक मिलिमीटरला तास सहज जातो. काठ दगडावर उभा धरून एका झटक्यात दाते उडवायचा सल्ला कुणी दिला तर पहिल्याच प्रयत्नात मानू नका. त्यात काठ जाड होतो आणि नंतर पातं पुन्हा पातळ करत बसावं लागतं.

जर्मन सुरीचा निळा पट्टा म्हणजे चाकावर ती जागा तीनशे अंशांच्या वर तापली. अशा सुऱ्यांना कारखान्यात शेवटचा ताव साधारण दोनशेच्या आसपास दिलेला असतो. त्याहून पुष्कळ तापलं की कडकपणा उतरतो, आणि तो भाग पुढं कितीही पाजवा, धार धरत नाही. निळा रंग काठावरच असेल तर ४०० च्या दगडानं तेवढं पोलाद काढून टाकणं हाच इलाज. रंग काठापासून वर असेल तर सोडा, सुरी झिजत तिथवर यायला वर्षं जातील. धारवाल्यावर रागावू नका. तो कोयते, विळे, कात्र्या यांचा माणूस, आणि त्या कामात त्याला तोड नाही. त्याला कोयती आणि जुन्या सुऱ्या द्या. चांगली सुरी द्यायचीच झाली तर समोर उभं राहा, चाक सावकाश फिरवायला आणि दर दोन हातांनी पातं पाण्यात बुडवायला सांगा. पात्याला बोट लावून गरम लागलं तर तिथंच थांबवा.

तांबूस ठिपक्यांवर सगळेच म्हणतात, “स्टेनलेसला गंज कसा?” स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो, तोच त्याला राखतो. मीठ तो पापुद्रा ठिकठिकाणी फोडतं. हवा लागली तर तो पुन्हा धरतो. पण मीठ-हळद लागलेलं पातं मोरीत, खवल्यांच्या आणि ओल्या भांड्यांच्या खाली तासभर पडलं तर हवा कुठली? तिथं बारीक खड्डे पडतात. वर खारा वारा, आणि जून ते सप्टेंबर कपडेही वाळत नाहीत अशी हवा. म्हणून मासे झाले की सुरी लगेच साध्या पाण्यानं धुवायची, नारळाच्या शेंडीनं किंवा मऊ घासणीनं, पाठीकडून काठाकडे, आणि पुसूनच ठेवायची. तारेची घासणी नको. ती ओरखडे पाडते आणि तिचे लोखंडी कण चिकटून तिथंच गंज धरतो. आलेले ठिपके खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, बाटलीच्या बुचानं घासले की जातात. चिंचेनंही निघतात, पण चिंच लावून ठेवून देऊ नका. लगेच धुवा, नाहीतर आंबटपणा नवीन डाग पाडतो. फणसाचा चीक पाण्यानं निघत नाही. कापण्याआधी पात्याला खोबरेल, आणि नंतरही आधी तेलानं पुसून मग साबण.

पावसाळ्यात लाकडी सुरीदानी ओल धरते आणि आत बुरशी येते. भिंतीवरची चुंबकपट्टी चांगली, पण समुद्राकडच्या खिडकीखाली किंवा पाझरणाऱ्या भिंतीवर नको. चामड्याचं म्यान किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी ओल ओढून घेते. जुन्या प्लास्टिक फायलीच्या कव्हराचं म्यान कापून घ्या. जी सुरी आठवडाभर वापरात नसेल तिला तेलाचा हात. खोबरेल चालतं, जवसासारखं ते लवकर चिकट होत नाही, पण खवट होतं, म्हणून आठवड्यानं पुसून पुन्हा लावा. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन खवट होत नाही. त्यात दुसरं औषध किंवा स्वाद मिसळलेला नाही, एवढं बाटलीवर बघून घ्या.

राहिला घरातला प्रश्न. दगड आला की पहिली धार स्वतःच्या सुरीला लावू नका. आधी सासूबाईंची विळी पाजवा, त्यांचा आडाळो म्हणा हवं तर. तिच्यावर त्यांचं निम्मं आयुष्य जातं, आणि ती बोथट असली तर मनगट त्यांचं दुखतं. विळीत पातं दगडावर फिरत नाही, दगड पात्यावर फिरतो. पाट कुणीतरी गुडघ्यानं घट्ट दाबून धरावा. पात्यात दाते असतील तर आधी बारीक कानस, मग हार्डवेअरवाल्या दगडाची मऊ बाजू, ओली करून. दगड वरून बोटांच्या टोकांनी धरायचा, बोटं त्याच्या कडेवर वळवायची नाहीत. पाठीकडून काठाकडे आणि काठाच्या बाहेर, बुडापासून वर सरकत. उलटा, काठावर चाल करून, कधीही नाही. बाक जिथं आत वळतो तिथं सपाट दगड टेकत नाही, तिथं गोल कानस किंवा विळ्याला लावतात तो बोटभर दगड. कोन २० ते २५, जाडसर ठेवा, कारण तिच्यावर सुरण आणि तिसऱ्याही (शिंपल्या) होतात. शेंड्याच्या खवणीचे दाते छोट्या त्रिकोणी कानशीनं, एकाच अंगानं, दर दात्याला सारखे दोन-तीन हात. शेवटी फडक्यानं पुसून खोबरेलाचा हात. लोखंडी विळी रात्रीतून तांबूस होते.

त्या विळीवर दुसऱ्या दिवशी कोबी चिरला गेला, की सुरीबद्दल तुम्हाला वेगळं बोलावं लागणार नाही, निदान जितकं वाटतंय तितकं नाही. मोरीबद्दल मात्र बोला, आणि गंजाचं कारण देऊ नका. फेसाळ पाण्यात दडलेल्या सुरीनं भांडी घासणाऱ्याचा हात कापतो, हे कारण द्या. ते सगळ्यांना पटतं, आणि खरंही आहे. मोरीजवळ एक उभट डबा ठेवा, तळाला भोकं पाडून. वापरलेली सुरी मूठ वर करून त्यात, बाकी कुठं नाही.

मोठी धार खंडेनवमीला बसवून टाका. त्या दिवशी कोयता, विळी, पावडा सगळं घासूनपुसून पूजेला निघतंच. आदल्या दिवशी सगळी पाती एकत्र बसून पाजवली तर घरातल्या एखाद्या पुतण्यालाही हात बसेल, आणि हे काम तुमच्या एकटीच्या गळ्यात राहणार नाही.

गणपतीत पंचवीस माणसं जमली की नियम कुणाला सांगत बसू नका. चाकरमान्यांपैकी कुणीतरी कोयती सोडून सुरीनंच नारळ फोडणार आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी जपानी सुरीला तेल लावून म्यानात घाला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवा. ओट्यावर धार लावलेल्या दोन स्वस्त सुऱ्या जादा मांडा. कुणी विचारलंच तर धार लावायची राहिली आहे म्हणून सांगा. गौरी गेल्या की काढा.